एकेरी बाण

“‘याच्या घरी जेवलोय’ हा संबंध सममित,” नववीच्या वर्गात गणिताच्या बाई म्हणाल्या. “आज तू माझ्याकडे जेवलीस, की उद्या मी तुझ्याकडे. बाण दोन्हीकडून.” फळ्यावर पाच मुलांच्या नावांचा संच होता. आपण ज्याच्याकडे जेवलो, त्याच्या नावाकडे प्रत्येकाने बाण काढायचा होता.

सुकेशनीकडून चार बाण निघाले. तिच्याकडे एकही आला नाही.

“परतीचे बाण विसरलात,” म्हणत बाईंनी खडू पुढे केला. कुणी घेईना.

“आमच्या वस्तीत येऊन कुणी जेवत नाही, बाई,” सुकेशनीनेच सांगितलं.

बाई भडकल्या. “लाज नाही वाटत? कुणी शिकवलं तुम्हाला हे?”

“तिच्या भावाच्या बारशाला तुम्हीपण जेवला नाहीत,” हणमंत पुटपुटला.

“बाईंचा उपवास होता!” सुकेशनी उसळली.

“कसला उपवास? तिथून उठून आमच्याकडे आल्या नि मटण जेवल्या.”

“खोटारडा! सांगा ना त्याला, बाई.”

बाई बाण पुसायला फळ्याकडे वळल्या. फळा कोरा झाला, तरी त्या पुसतच राहिल्या.