पाठीमागचं टेबल

ओरेस्तेने जेवणाचा काटा वर धरून मेहुण्याला गप्प केलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. फाउस्तो बेलार्दी बोलत होता. ज्या गायकाने उभ्या जन्मात गाण्याबाहेर चार वाक्यं बोलली नव्हती, तो आज रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी, मुलाखत देत होता. समोर निवेसने रांधलेलं माशांचं कालवण वाफाळत होतं. त्याच्याकडे बघायला ओरेस्तेला सवड नव्हती.

शेगडीवरच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने, निळ्या रंगात, बेलार्दीची सगळ्यात गाजलेली ओळ रंगवली होती: ‘समुद्राला घाई नाही, ताट मात्र निवतंय.’ समुद्र म्हणजे इतिहास, ताट म्हणजे गरिबाचं आयुष्य, हे त्याने अख्ख्या आंकोना शहराला समजावून सांगितलं होतं. कामगारांच्या क्लबात एकदा भाषणही झालं. श्रोते मधेच उठून गेले. भारावून गेले, असं तो तेव्हा सांगायचा. फुटबॉलचा सामना होता, असं आता सांगतो.

निवेसला त्या भिंतीवर कढया टांगायला फळी हवी होती. बेलार्दीची गाणी तिला किल्ली हरवलेल्या माणसाच्या पुटपुटण्यासारखी वाटत. तिला गाण्यातलं काही कळत नाही, हे ओरेस्तेने लग्नाच्या पहिल्याच वर्षी जाहीर करून टाकलं होतं. म्हणून तिचा भाऊ एलिओ आज पैज लावूनच जेवायला बसला होता.

“दाजी, त्याने दुसराच अर्थ सांगितला, तर भिंत पांढरी. आणि वर ताईची फळी.”

ओरेस्ते तुच्छतेने हो म्हणाला होता.

मुलाखत रंगली. बेलार्दीच्या प्रत्येक उत्तराला ओरेस्ते अशी मान डोलवत होता, जणू यानेच बेलार्दीला ते पढवून पाठवलं होतं. मधूनमधून निवेसला “ऐकलंस?” असं विचारत होता आणि ती काही बोलायच्या आत तिला गप्प करत होता. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्या ओळीबद्दल विचारलं. एलिओने पाव खाली ठेवला.

“ती माझी नाहीच,” बेलार्दी म्हणाला. “तुमच्या आंकोनाच्या बंदरावर एका खाणावळीत मी एकटाच जेवत होतो. पाठीमागच्या टेबलावर एक गृहस्थ बायकोला माझ्या गाण्यांचे अर्थ सांगत होते. सगळे चुकीचे. पण इतक्या प्रेमाने, की मागे वळायची माझी हिंमत झाली नाही. हातवारे करता करता त्यांनी माझ्या पाठीवर ग्लासभर वाइन सांडली, न बघताच माफी मागितली आणि पुढे चालू. तेव्हा त्यांची बायको हळूच हेच वाक्य म्हणाली. मी ते कागदी रुमालावर टिपून घेतलं.”

“आणि ते गृहस्थ?” बाईंनी विचारलं.

“अजून बोलत असतील.”

ओरेस्तेने काटा खाली ठेवला. लग्नाच्या वाढदिवसाची ती वाइन त्याला चांगलीच आठवत होती. कोण तो ढेरपोट्या मधे खुर्ची घालून बसला होता, म्हणून घरी पोचेपर्यंत त्याने चिडचिड केली होती.

एलिओने भिंतीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

“भिंत राहू द्या, दाजी,” तो म्हणाला. “खाली ताईचं नाव तेवढं घाला.”

रेडिओवर जाहिरात लागली. ओरेस्तेने स्वतः उठून तो बंद केला. त्या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

“तुला ठाऊक होतं?” त्याने निवेसला विचारलं.

“गाणं पहिल्यांदा लागलं, त्याच दिवशी ओळखलं.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

निवेसने माशाचा काटा बोटांनी अलगद काढून ताटाच्या कडेला ठेवला.

“सांगणारच होते,” ती म्हणाली. “तू बोलत होतास.”