रामसिंगांची मोटार

मोटार काही केल्या सुरू होईना. गोविंदसिंगांच्या मुलाने हँडल मारून घाम गाळला, मग गड्याने मारून पाहिलं, शेवटी कॅमेरावाल्यानेही हौस भागवून घेतली. मोटार दोनदा खोकली आणि गप्प बसली. पुण्याहून माहितीपट करायला आलेली योगिनी सारखी घड्याळ पाहत होती. फुलावर आलेल्या तुरीच्या बाजूने मोटार चाललेली तिला हवी होती, तीही ऊन चढायच्या आत.

सतीश आंब्याखाली उभा राहून हे पाहत होता. वाशीमच्या डेपोत तीस वर्षं त्याने एसटीच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. काय बिघडलंय ते त्याला खोकण्यावरूनच कळलं होतं. पण तो जागचा हलला नाही. सकाळीच त्याचा जीव विटून गेला होता.

माहितीपट व्हावा ही इच्छा खरं तर त्याची. आपल्या आज्यावर, पुंजाजीवर. मेडशी गावात पहिली मोटार आणली ती गोविंदसिंगांच्या आजोबांनी, रामसिंगांनी, हे कोणी नाकारत नाही. पण तिला चालती ठेवली पुंजाजीने. अक्षराची ओळख नसलेल्या त्या माणसाने इंजिन खोलून पुन्हा जोडलं. तुटलेले भाग गावच्या लोहाराकडून घडवून घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा तीच मोटार कोळशाच्या गॅसवर पळवून दाखवली. मोटारीखाली शिरायची त्याला मुभा होती, मोटारीत बसायची नव्हती. तेव्हाची शिवाशीव अशीच होती. मोटार सुरू करून द्यायची आणि मागून पायी चालत यायचं, कारण पुढे कुठेतरी ती बंद पडणारच. असं बारा वर्षं चाललं आणि नाव झालं रामसिंगांचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. आता त्या नागोबाला दूध पाजायला पुण्याहून माणसं आली होती.

सतीशने दहा वर्षं पत्रं लिहिली. टीव्हीवाल्यांना लिहिली, इतिहासाच्या प्राध्यापकांना लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. गोविंदसिंगांनी मात्र गुरांच्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगाखाली पडलेली मोटार बाहेर काढली, अकोल्याहून कारागीर आणून तिला रंग दिला, एक फोन केला, आणि माहितीपट दारात आला. बोलावल्याशिवाय तिकडे जाऊ नका, असं बायकोने, रत्नमालाने, परोपरीने सांगितलं होतं. तरी सतीश आला. त्याच्याजवळ पुरावा होता.

पुरावा म्हणजे एक फोटो. रामसिंगांच्या घरून टाकून दिलेला, पुंजाजीने उचलून आणलेला. त्यात रामसिंग फेटा बांधून स्टिअरिंगवर बसले आहेत, मागे पाहुणे आहेत, आणि मोटारीखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले आहेत. पुंजाजीचा दुसरा फोटो जगात नाही. म्हातारपणी तो नातवाला जवळ घेऊन त्या पायांवर बोट ठेवायचा आणि हसायचा. सतीशला मात्र फोटोची लाज वाटायची. सगळे वर बसलेले आणि आपला माणूस तेवढा खाली मातीत.

योगिनीने सकाळी फोटो नीट पाहिला होता. ती मनाने वाईट नव्हती.

"काका, फोटो छानच आहे. पण चेहरा नाही ना. नुसत्या पायांवरून माणूस कोण, हे लोकांना कसं सांगायचं?"

"मले मालूम हाये ना," सतीश म्हणाला. "माह्या आज्याचे हायेत ते."

तिने फोटो त्याच्या हातात परत दिला. गोविंदसिंगांनी त्याला चहा पाजला, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याला अडुसष्टावं लागलं होतं. मुलगी रूपा तिकडे नाशिकला, तिला या मोटारीचं काही पडलेलं नव्हतं. आपण गेलो की पुंजाजी नावाचा माणूस होता हेच कोणाला ठाऊक राहणार नाही. इतकं हरल्यासारखं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

गोविंदसिंग आंब्याखाली आले. सतीशभाऊ, जरा खालून पाहता काय, म्हणाले. सतीश नाहीच म्हणणार होता. पण ज्या मोटारीला पुंजाजीने बारा वर्षं सांभाळलं, तिला लोकांसमोर अशी खोकताना पाहवेना. त्याने चपला काढल्या, पोतं अंथरलं आणि उताणा होऊन खाली सरकला.

वरून नवा रंग होता, खाली जुनंच लोखंड होतं. पेट्रोलची नळी गाळाने तुंबली होती. त्याने ती सोडवली, फुंकून मोकळी केली आणि पुन्हा बसवायला घेतली. तेवढ्या वेळात योगिनीने काम सुरू केलं. गोविंदसिंग फेटा बांधून स्टिअरिंगवर बसले. कॅमेरा लागला.

"काका, पाय जरा आत घ्या ना. फ्रेममध्ये येतायत."

सतीशने सवयीने गुडघे दुमडले. आणि तसाच थांबला. फोटो काढणं तेव्हा केवढं अप्रूपाचं. फोटोवाल्याने प्रत्येकाला दहादा नीट बसवलं असणार, फेटा सरळ करायला लावला असणार. त्याला ते पाय दिसले नसतील? आत घे, असं तो म्हणाला नसेल? आणि तरी ते फोटोत आलेच होते.

"काका, ऐकू येतंय ना?"

"येऊन राह्यलं, बाई," सतीश खालून म्हणाला. "माह्या आज्यालेबी आलं होतं."

आणि त्याने पाय लांब केले, पहिल्यापेक्षा वीतभर जास्तच बाहेर.