दहा नंबरच्या चपला

दाराबाहेर पुरुषी चपला पाहून श्रीरंगचा बेलकडे गेलेला हात थबकला. चांगल्या दहा नंबरच्या तरी असतील. त्याचा स्वतःचा पाय सातचा.

वीस दिवस आखातात विमानं उडवायची आणि दहा दिवस नाशिकला घरी यायचं, अशी त्याची नोकरी. बायकोने हसत दार उघडलं. बॅग ठेवायच्या निमित्ताने त्याने बेडरूमपासून बाथरूमपर्यंत सगळं पाहून घेतलं. कुणी नव्हतं. पण चपलांच्या टाचा झिजलेल्या होत्या. म्हणजे जो कोण आहे, तो बरेच दिवस येतोय. कॉकपिटमध्ये जरा खुट्ट झालं तरी तो चौकशी करायचा. इथे विचारायला तोंडच उघडेना.

सकाळी जाग आली, तर गॅलरीतून फटक फटक आवाज येत होता. तो दबक्या पावलांनी गेला. गाऊनवर त्याच चपला घालून बायको एकटीच फेऱ्या मारत होती. त्याला पाहून ती ओशाळली.

"कोणीही येऊन बेल दाबतं रे. घरात पुरुषमाणूस आहे असं वाटायला नको? कोऱ्या चपला ठेवल्या की लोकांना कळतं. म्हणून रोज घालून झिजवते."

"आणि एवढ्या मोठ्या कशाला?"

"बघणाऱ्याला धाक नको?"

"अगं, मग माझ्याच ठेवायच्या की!"

"तुझ्या इथे असतात कुठे?"

त्याने तिच्याकडून चपला घेतल्या, पायात सरकवल्या आणि उरलेल्या फेऱ्या स्वतः मारायला लागला.

त्यालाही त्या सैलच होत होत्या.