शेजारची सीट

हेरंबच्या दोन आसनी विमानाला कुंदा सवत म्हणायची. दर रविवारी तो धुळ्याच्या धावपट्टीवर जायचा, इंजिनाचं ऑइल बदलायचा आणि काळ्या हातांनी घरी यायचा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी मात्र ती पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसली.

तापीचं पात्र दिसू लागलं आणि इंजिन खोकायला लागलं. दमट हवेमुळे कार्ब्युरेटरमध्ये, इंधन आणि हवा मिसळतात तिथे, बर्फ साचला असणार, म्हणून हेरंबने गरम हवेचा खटका ओढला. वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने इंजिन आधी आणखी अडखळलं, मग हळूहळू सुरळीत झालं.

विमान धावपट्टीवर येऊन थांबल्यावर तो हताशपणे म्हणाला, "विकून टाकतो."

"अजिबात नाही," कुंदा म्हणाली. "अहो, वर तुम्हाला काही झालं असतं तर मी नुसती बघत बसले असते. मला शिकवा. चला, आत्ताच."

सीटचा पट्टा तिने सोडलाच नव्हता.