इलियाचा येशू

साक्रीजवळच्या एका पाड्यावरच्या चर्चचे पाळक दानियल आणि त्यांचा धाकटा भाऊ इलिया यांच्यात एकाच गोष्टीवरून बिनसलं होतं. इलिया म्हणायचा, येशू देवाचा मुलगा आहे, देव नाही. मंडळीच्या पंचांनी ठरवलं, रविवारी त्याला मंडळीतून काढायचं.

शनिवारी दानियल बायबल घेऊन त्याच्या शेतावर गेले. इलिया भुईमुगाच्या शेंगा तोडत बसला होता. दानियलांनी एकेक वचन वाचून दाखवलं. इलियाने एकावरही वाद घातला नाही.

शेवटी दानियल काकुळतीला आले. "येशू देव आहे, एवढंच म्हण. पंचांना मी सांभाळून घेतो."

"नाही म्हणवत, भाऊ."

"कोणी भरवलं रे हे तुझ्या डोक्यात?"

इलियाचे हात थांबले.

"कोणीच नाही. माझी रूथ तापाने फणफणत होती, तेव्हा मी रात्रंदिवस येशूलाच हाका मारत होतो. तरी पोरगी गेली. तो देव असेल, तर त्याच्या हातात असूनही त्याने तिला जाऊ दिलं. मग मी त्याचं तोंडसुद्धा पाहू शकणार नाही."

"आणि नुसता मुलगा असेल तर?" दानियलांनी हळूच विचारलं.

"तर माझ्या रूथसाठी तोही आपल्या बापापुढे रडला असेल, भाऊ. आणि बापाने त्याचंही ऐकलं नसेल."