आमिषाचा मका

"वहिनी, खुरपं द्या," वन्सं म्हणाल्या. द्वारकेने खुरपं पुढे केलं.

यंदा तिचं खालचं वावर वन्सं वाट्याने करणार होत्या. जमिनीत हुमणी आहे का, ते बघायला त्यांनीच परवा मूठभर मका भिजवून तिच्याकडे पुरायला दिला होता. कोंब फुटू लागला की दाणा श्वास सोडतो आणि त्या वासावर हुमणीच्या अळ्या मातीतून सरपटत येतात. गेल्या साली याच वावरात या अळ्यांनी भुईमूग फस्त केला होता. वन्संना कळलं तर वावर पडीक राहील, या भीतीने द्वारकेने तो मका उकडून पुरला होता.

वन्संनी माती उकरली. दाणे निघाले, अळी एकही नव्हती.

"तुमच्या शब्दावरच घेतलं असतं हो," त्या हसून म्हणाल्या. "पण बघायची सवय." बोलता बोलता त्यांनी एक दाणा चिमटीत धरला. त्याचा मऊ लगदा झाला. त्या हसायच्या थांबल्या.

द्वारकेने पदर तोंडाशी धरला. मान वर होईना.

वन्संनी बोटं मातीला पुसली. "उकडलेतच, तर मीठ तरी घालायचं, वहिनी."