पाइपाला अर्थ नाही

मेन स्विच पाडून मी मीटरची एक तार जमिनीत गाडलेल्या पट्टीला लावली, दुसरी वाचनालयाच्या जिन्यातल्या दिव्याच्या लोखंडी पाइपाला. काटा हलला नाही. साठ वर्षांत पाइपाचे सांधे गंजून सुटले होते. गळणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाटच नव्हती. परवा ती पाइपाला धरून ओला जिना पुसणाऱ्या द्रुपदाबाईंच्या अंगातून गेली. बाई जागच्या जागी गेल्या.

"हे आधी का नाही कळवलंत?" हवालदारासमोर चिटणीस खांबेटे सरांनी मलाच विचारलं. सर म्हणजे जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस.

मी फाईल मागवली. दोन वर्षांपूर्वीचा माझा कागद तिच्यातच होता. अर्थिंगला आम्ही वायरमन नुसतं अर्थ म्हणतो, तसंच लिहिलं होतं: 'तपासनी केली. जिन्यातल्या पाइपाला अर्थ नाही. ताबडतोब बघावे.'

खाली लाल शाईत सरांचा शेरा होता: 'वाक्य निरर्थक. दप्तरी दाखल.'

"मग अर्थिंग असं सरळ लिहायचं ना!" सर ओरडले.

"तपासनीतला न बरा दिसला, सर," मी म्हणालो. "तेवढा खोडून ण केलात."